गोल्डन माइलवरच्या जुन्या प्लाझांच्या जागी घरे: गाळेधारकांचे काय?

स्कारबरोकर (धागाकर्ता)

टोरंटोच्या पूर्वेला स्कारबरोमध्ये एग्लिंटन रस्त्याच्या, व्हिक्टोरिया पार्क आणि बर्चमाउंट या आडव्या रस्त्यांमधल्या पट्ट्याला गोल्डन माइल म्हणतात, हे इथल्या अनेक सभासदांना ठाऊक असेल. भारतातून वाचणाऱ्यांसाठी सांगतो, की रुंद रस्ता, दोन्ही अंगांना वाहनतळांची डांबरी मैदाने आणि त्या मैदानांच्या पार मागे बसलेली बैठी दुकाने (अशा दुकानांच्या आवारालाच इथे प्लाझा म्हणतात), असे या भागाचे आजवरचे रूप आहे. नगर परिषदेने ऑक्टोबर २०२० मध्ये या पट्ट्यासाठी स्वतंत्र आराखडा मंजूर केला. त्यानुसार वाहनतळांच्या आणि दुकानांच्या जागी टप्प्याटप्प्याने उंच निवासी इमारती, नवे अंतर्गत रस्ते आणि बागा होणार आहेत. एग्लिंटन क्रॉसटाउन ही १९ किलोमीटरची आणि २५ थांब्यांची हलकी रेल्वे या पट्ट्याच्या मधोमध जाते. अशा थांब्यांभोवती हेक्टरी किमान १६० माणसे, म्हणजे रहिवासी आणि नोकरदार मिळून, सामावली जावीत असे ओंटारिओ प्रांताचे धोरण आहे.

या जमिनीचा हा पहिला कायापालट नाही. दुसऱ्या महायुद्धात येथे दारूगोळ्याचे फ्यूज भरण्याचा मोठा कारखाना होता आणि त्यात वीस हजारांहून अधिक लोकांनी काम केले. त्यांत बहुतांश स्त्रिया होत्या. युद्धानंतर स्कारबरोच्या स्थानिक प्रशासनाने ती जमीन घेऊन उद्योगांना दिली आणि कराच्या रूपाने येणाऱ्या पैशामुळे या मैलाला ‘सोनेरी’ हे नाव चिकटले. १९५४ मध्ये गोल्डन माइल प्लाझा उभा राहिला. तो त्या काळी इतका नवलाचा वाटला, की १९५९ च्या दौऱ्यात राणी एलिझाबेथ तो पाहायला आल्या होत्या. पुढे कारखाने एकेक करून गेले. जनरल मोटर्सचा व्हॅन बनवणारा कारखाना १९९३ मध्ये बंद झाला आणि त्या जागी मोठी दुकाने, चित्रपटगृह आणि आज आपण पाहतो ते अफाट वाहनतळ आले. मी या पट्ट्याजवळ एकोणीस वर्षे राहतो आहे आणि माझ्या मुलांचे बालपण याच वाहनतळांतून पिशव्या वाहण्यात गेले.

माझे मत आधीच स्पष्ट करतो, म्हणजे चर्चा भलत्या दिशेला जाणार नाही. येथे घरे झालीच पाहिजेत. ज्या जमिनीवर रात्री एकही माणूस झोपत नाही, ज्या जमिनीच्या दाराशी सार्वजनिक पैशातून रेल्वे आणली आहे आणि जिचा मोठा भाग वर्षातले बहुतेक दिवस रिकामा पडलेला असतो, तेथे घरे बांधायची नाहीत तर कोठे बांधायची? जुन्या वस्तीत चार-चार घरे पाडून जागा गोळा करावी लागते; प्लाझाची मोठी जमीन एकाच मालकाकडे असते. ‘आमच्या भागाचे स्वरूप बदलेल’ एवढ्याच कारणाने विरोध करणाऱ्यांच्या बाजूला मी उभा नाही.

माझा प्रश्न त्या बैठ्या दुकानांतल्या माणसांचा आहे. आमच्या जवळच्या एका छोट्या प्लाझात (त्याचे नाव देत नाही) एका तमिळ दांपत्याचे वाणसामानाचे दुकान आहे. आम्ही त्यांना अण्णा आणि अक्का म्हणतो. ताजा कढीपत्ता, ओले खोबरे, शेवग्याच्या शेंगा तर तेथे मिळतातच. पण आम्हा चार-पाच मराठी कुटुंबांच्या सांगण्यावरून अण्णा कोकम आणि थालिपिठाची भाजणीसुद्धा आणून ठेवू लागले. त्यांच्या शेजारी एक अफगाण भटारखाना, एक शिवणकाम करणाऱ्या बाई, एक घाना देशातील केशकर्तनकार आणि एक करसल्लागार आहेत. इमारत जुनी, छत गळके आणि भाडे कमी, म्हणून हे सगळे टिकले. नवी इमारत झाली की तळमजल्यावर दुकाने असतीलच, परंतु त्यांचे भाडे या लोकांच्या आवाक्याबाहेरचे असेल.

टोरंटोमध्ये सहा किंवा अधिक भाड्याची घरे असलेली इमारत पाडायची असेल तर विकासकाला तितकी भाड्याची घरे पुन्हा बांधून द्यावी लागतात आणि जुन्या भाडेकरूंना जवळपास त्याच भाड्यात परतण्याचा हक्क मिळतो. गाळेधारकाला असे काहीही मिळत नाही. ओंटारिओमध्ये दुकानांच्या भाड्यावर कोणतेही नियंत्रण नाही आणि जे काही संरक्षण असेल ते त्याच्या भाडेकरारात लिहिलेले असेल तेवढेच. घराच्या भाडेकरूला जे तत्त्व आपण लावतो ते, निदान काही प्रमाणात, वीस वर्षे दुकान चालवणाऱ्याला का लावू नये, यावर आपणा सर्वांची मते हवी आहेत.

---

पायवाट

स्कारबरोकर, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी वॉर्डन रस्त्याजवळ भाड्याने राहते आणि दोन लहान मुलांना बाबागाडीत घालून या रस्त्याने रोज चालते. दुकान डोळ्यांसमोर दिसत असते, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला वाहनतळातून, मागे सरकणाऱ्या गाड्यांमधून वाट काढावी लागते. हिवाळ्यात तर यंत्राने बाजूला ढकलून ढीग केलेल्या बर्फामुळे तीही वाट उरत नाही. म्हणून नव्या आराखड्यातील लहान चौक आणि पदपथ मला मनापासून हवे आहेत.

मात्र घरे होणार म्हणजे कोणती घरे होणार, हेही विचारले पाहिजे. उंच इमारतींत मुलाबाळांच्या कुटुंबांना राहता यावे यासाठी नगराच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांनुसार किमान १५ टक्के घरे दोन शयनकक्षांची आणि १० टक्के तीन शयनकक्षांची असावीत. याचाच दुसरा अर्थ असा, की उरलेली ७५ टक्के घरे एका शयनकक्षाची किंवा त्याहून लहान असू शकतात. आमच्यासारख्या, आजी-आजोबांना सहा महिने बोलावून घेणाऱ्या कुटुंबांनी तेथे कसे राहावे?

दुसरी गोष्ट भाड्याची. १५ नोव्हेंबर २०१८ नंतर प्रथमच वापरात आलेल्या घरांना ओंटारिओची वार्षिक भाडेवाढीची मर्यादा लागू नाही. गोल्डन माइलवर जे जे नवे बांधले जाईल ते सगळे या सवलतीत येईल. म्हणजे अण्णांचे दुकान जाणार आणि त्या जागेवरच्या घरात आलेल्या भाडेकरूलाही पुढच्या वर्षीचे भाडे किती असेल याची शाश्वती नाही. दोघांची अडचण मला एकाच जातीची वाटते.

---

आकडेमोड

मी बांधकाम प्रकल्पांच्या वित्तपुरवठ्याशी संबंधित काम करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. तिच्याशी सहमत व्हावे असा आग्रह नाही, पण ती लक्षात घेतल्याशिवाय मागणी करू नये असे मला वाटते.

येथे विक्रीसाठीची इमारत उभारायची तर बँक बांधकामाचे कर्ज देण्यापूर्वी साधारण ७० टक्के घरांची आगाऊ विक्री मागते. ती विक्री कित्येक वर्षे मुख्यतः गुंतवणूकदारांनी केलेल्या खरेदीवर चालली. मार्च २०२२ च्या सुरुवातीला बँक ऑफ कॅनडाचा व्याजदर ०.२५ टक्के होता, तो जुलै २०२३ मध्ये ५ टक्क्यांवर गेला आणि हे गणित कोसळले. आज अनेक ठिकाणी मंजुरी हातात आहे पण बांधकाम नाही. प्लाझाच्या मालकाच्या दृष्टीने पाहिले तर त्याला घाई नाही: जुन्या गाळ्यांचे भाडे येत राहते आणि मंजुरीमुळे जमिनीची किंमत आधीच वाढलेली असते.

जमिनीखालचाही प्रश्न आहे आणि तो फारसा चर्चेत येत नाही. अनेक जुन्या प्लाझांत कधी ना कधी कपडे धुण्याचे ड्राय क्लीनिंगचे दुकान किंवा कोपऱ्यावर पेट्रोल पंप असतो. ड्राय क्लीनिंगसाठी वापरले जाणारे परक्लोरोएथिलीन हे द्रावण एकदा जमिनीत मुरले की भूजलात खोलवर जाते. व्यापारी वापराची जमीन निवासी वापरासाठी घ्यायची तर प्रांताच्या नियमानुसार मातीची व भूजलाची तपासणी करून, गरज असेल तेथे शुद्धीकरण करून, जागेच्या स्थितीची नोंद दाखल करावी लागते. हा खर्च पहिली वीट बसण्याआधीचा आहे.

तळमजल्यावरचे गाळे मोठे, काचेचे आणि महाग का होतात, याचेही उत्तर पैशात आहे. कर्ज देणाऱ्याला दहा वर्षांचा करार करणारी बँकेची शाखा किंवा औषधांच्या साखळीचे दुकान हवे असते. अण्णांसारख्या, स्वतःच्या घरावर वैयक्तिक हमी देणाऱ्या दुकानदाराची सही त्याला कमी मोलाची वाटते. शिवाय मोठे गाळे करणे सोपे, कारण प्रत्येक लहान गाळ्याला स्वतंत्र मोरी, वायुवीजन आणि, भटारखाना असेल तर, छतापर्यंत जाणारे धुराडे लागते. वर चाळीस मजले असताना हे धुराडे नंतर घालता येत नाही.

---

स्कारबरोकर

आकडेमोड, धुराड्याचा मुद्दा माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता. याचा अर्थ असा होतो, की नव्या इमारतीत अफगाण भटारखाना येईल की नाही याचा निर्णय भाडे ठरण्याच्या कितीतरी आधी, नकाशा काढतानाच झालेला असतो. मग आपण जनसुनावणीत ‘लहान दुकाने जपा’ एवढे म्हणून थांबण्यात अर्थ नाही. तळमजल्याच्या नकाशात किती गाळे लहान आहेत आणि त्यांतल्या किती गाळ्यांना धुराडे आहे, हे विचारले पाहिजे.

---

गिरणगावकर

मी मुंबईत, परळला असतो. माझी मुलगी तुमच्याकडे असल्यामुळे हा धागा वाचला. मुंबईतील उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) जुन्या इमारतींचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीतील ज्या ३३(७) च्या तरतुदीखाली होतो, तिच्यात चाळीच्या खाली दुकान असलेल्या पात्र भाडेकरूला त्याच्या जुन्या गाळ्याइतके चटईक्षेत्र नव्या इमारतीत विनामूल्य मिळते. राहत्या भाडेकरूला किमान क्षेत्राची हमी असते आणि दुकानदारही योजनेच्या बाहेर राहत नाही. आमच्या खालचे पीठगिरणीवाले आज नव्या इमारतीतही तळमजल्यावरच आहेत.

तरीही ही तरतूद उचलून तुमच्याकडे नेता येणार नाही, असे मला वाटते. आमच्याकडे दुकानदाराचा हक्क पुनर्विकासाच्या नियमातून जन्माला आलेला नाही. तो अनेक दशकांच्या भाडेनियंत्रण कायद्यातून आणि पागडीच्या व्यवहारातून आलेला आहे, आणि नियमाने त्याला केवळ मान्यता दिली. त्याची किंमतही आम्ही मोजली: नगण्य भाड्यामुळे मालकांनी दुरुस्ती सोडून दिली, इमारती खचल्या, आणि कित्येक कुटुंबांची उमेदीची वर्षे संक्रमण शिबिरात गेली. तुमच्याकडे मुळात हक्कच नाही. तो आयत्या वेळी, बुलडोझर दारात उभा असताना, निर्माण करता येत नाही.

---

तिसरा थांबा

घरांच्या संख्येबद्दल एक सावधगिरी. क्रॉसटाउनचा मधला भाग भुयारी आहे, पण आपल्या गोल्डन माइलवर ती रस्त्याच्या मध्यभागी, जमिनीवरून, चौकातल्या दिव्यांच्या तालावर धावते. तिला मेट्रो समजून माणसांची संख्या ठरवू नये. २०११ मध्ये काम सुरू झालेली आणि २०२० ला अपेक्षित असलेली ही रेल्वे किती वर्षे रखडली, आणि त्या काळात पश्चिमेकडच्या लिटल जमैका भागातली किती दुकाने बंद पडली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ती दुकाने बंद पडण्यासाठी इमारत पाडावी लागली नाही. समोरचा रस्ता खणून ठेवणे पुरेसे झाले.

---

ओसरी

मला मालकीबद्दल लिहायचे आहे, कारण या सगळ्या चर्चेचे मूळ मला तेथे दिसते. स्टील्स रस्त्याच्या पलीकडे, मार्कम या शेजारच्या शहरात १९९७ साली उघडलेला पॅसिफिक मॉल पाहा. तेथील गाळे भाड्याने चालवायला ठेवलेले एकाच कंपनीचे नाहीत. सदनिका विकाव्यात तसे ते सुटे सुटे विकलेले आहेत आणि शेकडो मालक आहेत. उद्या कोणाला तो मॉल पाडून मनोरे बांधायचे असतील तर त्याला या शेकडो लोकांशी बोलावे लागेल, त्यांना पैसे किंवा जागा द्यावी लागेल.

त्याच्या उलट अ‍ॅजिनकोर्टचे ड्रॅगन सेंटर. १९८४ मध्ये, जुन्या रोलर स्केटिंग रिंकच्या इमारतीत, ते सुरू झाले आणि स्कारबरोतल्या चिनी व्यापाराची ती सुरुवात होती. तेव्हा आजूबाजूच्या काही रहिवाशांनी वाहनतळ आणि गर्दीचे कारण पुढे करून त्याला कडाडून विरोध केला होता. त्या विरोधामागे वर्णद्वेष होता, हे तेव्हाही लपले नव्हते. इतका विरोध पचवून उभे राहिलेले ते केंद्र शेवटी निवासी बांधकामासाठी मोकळे करण्यात आले, आणि लोकांच्या हाती त्याच्या आठवणी गोळा करण्याचे काम उरले. ते कामही मोलाचे आहे, परंतु दुकानदाराला आठवणींच्या फलकापेक्षा गाळा हवा असतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे, की नव्या इमारतींतले काही लहान गाळे विक्रीसाठी असावेत आणि जुन्या गाळेधारकांना ते घेण्याचा पहिला अधिकार मिळावा. सगळ्यांना परवडणार नाही, हे मान्य. पण अण्णांसारखा दुकानदार वीस वर्षांत भाड्यापोटी जे देतो त्याचा हिशेब मांडून पाहा.

---

आकडेमोड

ओसरी, सूचना चांगली आहे, पण नगराच्या हातात ती लादण्याचे साधन कमी आहे. पूर्वी वाढीव उंची आणि घनता देताना नगराला विकासकाशी प्रत्येक प्रकल्पापुरत्या वाटाघाटी करता येत आणि त्यातून समाजकेंद्र, कलाकारांसाठी जागा, असे बरेच काही मिळवता येई. २०२० च्या प्रांतिक कायद्याने ती पद्धत बदलून समाजहितासाठीचे शुल्क आणले आणि त्याची कमाल मर्यादा जमिनीच्या किमतीच्या ४ टक्के ठेवली. त्या ४ टक्क्यांवर ग्रंथालयापासून पाळणाघरापर्यंत सगळ्यांचा हक्क आहे. नगराने फार ताणले तर मालक ओंटारिओ भूमी न्यायाधिकरणाकडे अपील करतो.

---

स्कारबरोकर

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. गिरणगावकर, ‘हक्क आयत्या वेळी निर्माण करता येत नाही’ हे आपले वाक्य मला लागले, कारण आम्ही सगळे नेमके आयत्या वेळी जागे होतो.

आकडेमोड यांनी दाखवलेल्या मर्यादा मान्य करूनही काही गोष्टी आजच्या चौकटीत मागता येतील असे मला वाटते, आणि त्यांत पहिली मागणी मी टप्प्यांच्या क्रमाची ठेवीन. आधी वाहनतळावर इमारत उभी करावी, तिच्या तळमजल्यावर जुन्या दुकानांना जागा द्यावी आणि मगच जुनी बैठी रांग पाडावी. वाहनतळ एवढा मोठा असताना हा क्रम पाळणे अशक्य नाही. डिसेंबर २०२१ च्या ठरावाने टोरंटोने बहुतेक नव्या बांधकामांसाठी किमान वाहनतळाची सक्तीच काढून टाकली आहे, त्यामुळे ‘गाड्या कोठे ठेवणार’ हे उत्तर आता पूर्वीसारखे देता येणार नाही. एखाद्या दुकानदाराला सहा महिने बंद राहावे लागले तर त्याचे गिऱ्हाईक तुटते. दोनशे फूट सरकावे लागले तर तुटत नाही.

समाजहिताच्या ४ टक्क्यांतून लहान गाळ्यांच्या आतल्या बांधणीसाठी मदत मागता येईल का, हे मी आमच्या नगरसेवकांच्या कार्यालयात विचारले आहे. धुराडी आणि लहान गाळ्यांची संख्या मात्र नकाशाच्या छाननीतच मांडावी लागेल, आणि त्यासाठी पैसा लागत नाही, फक्त कोणीतरी वेळेवर लिहून द्यावे लागते. पायवाट, आपल्या तीन शयनकक्षांच्या मुद्द्यासाठीही वेळ तीच आहे. एकत्र लिहू या.

आणखी एक अडथळा अण्णांशी बोलताना कळला. ज्या प्लाझात मोठ्या साखळीचे किराणा दुकान असते तेथे पुष्कळदा त्याच्या करारात अशी अट असते, की त्याच आवारात दुसऱ्या कोणाला किराणा विकता येणार नाही. बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या कॅनडाच्या कॉम्पिटिशन ब्युरोने जून २०२३ च्या किराणा क्षेत्रावरील अहवालात अशा अटींवर मर्यादा आणण्याची शिफारस केली आहे. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर साखळीचे दुकान आधी ठरले आणि त्याच्यासोबत ही अट आली, तर अण्णांचे भाडे आपण कितीही कमी करून दिले तरी उपयोग होणार नाही.

---

पायवाट

पत्राचा मसुदा मी करते. अण्णांच्या करारात नेमके काय लिहिले आहे, हे कोणी पाहिले आहे का?

---

स्कारबरोकर

काल रात्री दुकान बंद झाल्यावर अण्णा, अक्का आणि मी करार घेऊन बसलो. शेवटचे नूतनीकरण त्यांनी वकिलाला न दाखवता केले होते. एकतिसाव्या पानावर पाडकामाचे कलम आहे: मालकाने पुनर्विकासाचे ठरवल्यास १८० दिवसांच्या सूचनेने करार संपतो, भरपाई नाही, आणि पुढच्या पाच वर्षांच्या नूतनीकरणाचा जो पर्याय अण्णा स्वतःचा समजत होते तोही त्याच क्षणी रद्द होतो. गेल्या वर्षी त्यांनी कर्ज काढून नवी शीतपेटी बसवली, ती पाच वर्षे हातात आहेत या भरवशावर.

करार मार्चमध्ये संपतो आहे, त्यामुळे बोलणी करण्याची हीच वेळ आहे. शेजारच्या चारही गाळ्यांचे करार आज सकाळी पाहिले. कलम शब्दशः तेच आहे. पाचही जण मिळून एका वकिलाला भेटणार आहेत आणि निदान दीड वर्षाची सूचना, आतल्या बांधणीच्या उरलेल्या किमतीची भरपाई आणि नव्या इमारतीत परतण्याचा पहिला अधिकार, एवढे मागणार आहेत. भेट शनिवारी सकाळी दहाला, अफगाण भटारखान्यात आहे. या धाग्यावरच्या ज्यांना भाडेकरार वाचण्याची सवय आहे त्यांनी कृपया यावे.